तुकोबारायांनी बुडविलेली खतपत्रे

उपनगरातल्या भजनी मंडळांत हरिपाठ संपून आरती झाली की खरे बोलणे सुरू होते. कपाळी बुक्का असतो, टाळ पिशवीत गेलेले असतात, आणि मग जो तो आपले गाऱ्हाणे काढतो. अंधेरीचा माळकरी म्हणतो, मुलाला पोटाला चिमटा घेऊन शिकविला, आता तो विचारीत नाही. घाटकोपरचा म्हणतो, गावाकडच्या भावाने जमिनीचा वाटा दाबला. मुलुंडची मावशी सांगते, नणंदेच्या तीन बाळंतपणांत मी राबले, पण माझ्या आजारपणात ती डोकावलीसुद्धा नाही. बोरिवलीचे म्हातारबाबा काही न बोलता नुसता सुस्कारा टाकतात, तो सगळ्यांत लांब. आणि शेवटी सगळ्यांचे एकच पालुपद : "काय करायचे बुवा, माळ घातली, वाऱ्या केल्या, पण मनाला शांती नाही. या गर्दीत ती मिळायचीही नाही. गावी जाऊन राहू तेव्हाच काय ती मिळेल."

नीट कान देऊन ऐकले तर या बोलण्यात गर्दीची तक्रार थोडी आणि हिशेबाची फार. प्रत्येकाजवळ एक वही आहे. तीत देण्याच्या रकमा दोनचार, आणि येण्याच्या मात्र पानोपानी. कोणाकडून पैसा यायचा आहे, कोणाकडून मान, कोणाकडून उपकाराची फेड. ही वही उशाखाली घेऊन जो निजतो त्याला झोप कशी लागावी? आणि तीच वही ट्रंकेत घालून तो गावी गेला तर गावची हवा तरी काय करील?

अशी वही तुकोबारायांच्या घरीही होती, आणि ती मनातली नव्हे, खरोखरीची होती. देहूचे हे घराणे महाजनकीचे, वाणी-व्यापाराचे. सावकारी होती, लोकांकडे पैसा गुंतलेला होता, त्याची खतपत्रे घरात होती. इ. स. १६३०च्या सुमारास दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. आईबाप त्यापूर्वीच गेले होते. दुष्काळात थोरली बायको रखमाबाई अन्नावाचून गेली, मुलगा संतोबा गेला, व्यापार बुडाला, पत गेली. महिपतीबुवांनी ही कथा विस्ताराने सांगितली आहे, आणि आपण कीर्तनात ती इतक्या वेळा ऐकतो की तिच्यातला दाह आता आपल्याला लागत नाही. ज्याच्या घरी कालपर्यंत लोक उसने मागायला येत होते, त्याच्याच घरी माणूस उपासाने मेले. या माणसाचे लोकांकडे किती येणे होते, आणि त्या दिवसांत ते येणे किती उपयोगी पडले, याचा विचार करावा.

मग तुकोबाराय देहू सोडून भामचंद्राच्या डोंगरावर गेले. पंधरा दिवस तेथे राहिले असे चरित्रकार सांगतात. धाकटे बंधू कान्होबा रानोरान शोधीत तेथे पोहोचले आणि त्यांना घेऊन खाली इंद्रायणीकाठी आले. आम्ही हा प्रसंग सांगतो तो बहुधा येथवरच : महाराज डोंगरावर गेले, एकांत केला, शांती पावले. पण खरी गोष्ट पुढे आहे. नदीकाठी आल्यावर तुकोबांनी घरातली खतपत्रे आणावयास सांगितली. कान्होबांनी आणली. तुकोबा ती सगळीच पाण्यात टाकायला निघाले तेव्हा भावाने अडविले. तुम्ही विरक्त झालात, पण मला संसार आहे, मुलेबाळे आहेत, मी काय करावे? हे बोलणे तुकोबांनी मानले. कागदांचे दोन वाटे केले. एक वाटा भावाच्या हाती दिला, आणि आपला वाटा इंद्रायणीत बुडविला.

डोंगराने त्यांना काय दिले ते या कृतीवरून कळते. रानात पंधरा दिवस बसून मन थोडे निवले, एवढेच असते तर ते घरी येऊन पुन्हा दुकानात बसते. डोंगराने त्यांना धैर्य दिले. आता कोणी म्हणेल, कागद पाण्यात टाकायला कसले आले धैर्य? अहो, ज्याचे घर नुकतेच दुष्काळाने धुऊन नेले त्याच्याजवळ उद्याच्या भाकरीचा तेवढाच आधार होता. पाऊस झाला असता, कुळांच्या हाती दाणे आले असते, तर त्यांतले काही वसूलही झाले असते. तो आधार आपल्या हाताने सोडणे म्हणजे भयाच्या डोळ्याला डोळा भिडविणे आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे गुण सांगितले आहेत, त्यांत भगवंतांनी पहिले नाव अभयाचे घेतले. सत्य, दया, शांती ही सगळी त्याच्या मागून येतात. माउलींनीही त्या अध्यायाच्या निरूपणात अभयाला पहिला मान दिला. हा क्रम उगाच नाही. भ्यालेल्या माणसाची दयासुद्धा हिशेबी असते आणि त्याची शांती म्हणजे तात्पुरती गप्प बसण्याची सोय असते.

आता डोंगराची गोष्ट निघाली आहे म्हणून आपल्या दाराशी उभ्या असलेल्या डोंगराकडे वळू. उपनगरातल्या माणसाला वाटते, भामचंद्र, भंडारा हे सगळे तिकडे इंद्रायणीच्या मुलुखात, आमच्या नशिबी सिमेंट. पण बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत, आपल्या दोन्ही रेल्वेमार्गांच्या मध्ये, सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे रान आहे. पुष्कळ जुनी माणसे त्याला अजून बोरिवलीचे नॅशनल पार्क म्हणतात, सरकारी नाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. त्यात विहार तलाव आहे, तो १८६० सालचा, तुळशी तलाव आहे, तो १८७९ सालचा. आणि रानाच्या पोटात कण्हेरीची लेणी आहेत. कण्हेरी हे नाव कृष्णगिरीवरून आले, म्हणजे काळा डोंगर. आपल्या कानाला त्यात सावळ्याचे नाव ऐकू येते, त्याला इलाज नाही.

ही लेणी बौद्ध भिक्षूंची. शंभराहून अधिक आहेत, आणि सुमारे हजार वर्षे तेथे वस्ती होती. मोठ्या चैत्याची मूर्तिकला पाहून लोक परततात. वारकऱ्याने मात्र लहान लहान खोल्या पाहाव्यात. एक माणूस निजेल एवढा दगडी ओटा, बाहेर बसायला दगडाचाच कट्टा, आणि लेण्याच्या तोंडाशी खडकात खोदलेले पाण्याचे टाके. शिलालेखांत त्याला पोढी म्हटले आहे. डोंगराच्या पाठीवर बारीक पन्हळी कोरून पावसाचे पाणी त्या टाक्यांत उतरविले आहे. खाली कोठे नदी आहे का, कोणी हंडा भरून वर आणील का, ही वाट पाहिली नाही. आपल्या माथ्यावर जो पाऊस पडतो तोच आपल्या दाराशी धरून ठेवला, आणि तो उन्हाळ्यापर्यंत पुरविला. स्वावलंबनाचे याहून सोपे चित्र मला ठाऊक नाही. आपल्यावर हरिनामाचा पाऊस काय थोडा पडतो? आळंदीला पडतो, पंढरीला पडतो, सप्ताहात पडतो. टाके खोदलेले नसते म्हणून चार दिवसांत वाहून जातो आणि आपण पुन्हा कोणाच्या तरी हंड्याची वाट पाहत बसतो. रोजचा नेम म्हणजे हे टाके. ते दुसऱ्याने खोदून भागत नाही.

पण येथे थोडे थांबले पाहिजे. त्याच टाक्यांवर शिलालेख आहेत, आणि ते देणगी देणाऱ्यांचे आहेत. कल्याणचा कोणी व्यापारी, सोपाऱ्याचा कोणी, कोठे गृहिणी, कोठे भिक्षुणी, यांनी दिलेल्या द्रव्यातून ही टाकी आणि लेणी झाली. तेव्हा स्वावलंबन म्हणजे मला कोणाची गरज नाही अशी शेखी नव्हे. देणाऱ्याने दिले, घेणाऱ्याने नाव कोरून उपकार मान्य केला, आणि मग रोजचे पाणी काटकसरीने ज्याने त्याने वापरले. आमच्याकडे उलट असते. घेतलेले विसरायचे आणि दिलेले कोरून ठेवायचे.

येथे सांप्रदायिक माणसाच्या मनात एक शंका येईल, आणि ती यावीच. आपण वारकरी, सर्व भार पांडुरंगावर टाकणारे. मग हे स्वतःच्या पायावर उभे राहणे कशाला? हा अहंकार नव्हे काय? याचे उत्तर अरणच्या सावता महाराजांच्या मळ्यात मिळते. सावतोबांनी मळा सोडला नाही. मोट, पाट, खुरपे, कांदा, मुळा, लसूण यांतच त्यांनी विठ्ठल पाहिला, आणि विठ्ठलच मळ्यात आला अशी आपली श्रद्धा आहे. आजही पंढरीहून देवाची पालखी अरणला भेटीस जाते. देवावर भार टाकणारा तो माणूस दिवसभर पाणी धरीत होता. देव येईल आणि वाफे खुरपील म्हणून तो बांधावर पाय पसरून बसला नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायातही भगवंत अर्जुनाला सांगतात की जीवाने आपल्याला आपणच वर काढावे, कारण आपला सोयरा आपणच आणि आपला वैरीही आपणच. हे सांगणारा स्वतः भगवंत आहे हे ध्यानात घ्यावे. त्याला आपण त्याच्यावर विसंबू नये असे म्हणावयाचे असते तर तो रथ हाकायला बसला नसता. त्याने रथ हाकला, बाण मात्र अर्जुनालाच सोडावे लागले.

तुकोबांच्या चरित्रात या शंकेचे आणखी स्पष्ट उत्तर आहे. इंद्रायणीत कागद बुडण्याचा प्रसंग त्यांच्या आयुष्यात दोनदा आला. पहिल्या वेळी खतपत्रे त्यांनी आपण होऊन बुडविली. दुसऱ्या वेळी अभंगांच्या वह्या त्यांना लोकांच्या दडपणाने बुडवाव्या लागल्या. पहिल्या वेळी ते स्वस्थ होते. दुसऱ्या वेळी मात्र ते काठावरच्या शिळेवर अन्नपाणी सोडून तेरा दिवस बसून राहिले. देवाच्या दारी धरणे धरले, आणि वह्या वर आल्या असे परंपरा सांगते. कोणी विचारील, मग निरपेक्षपणा कोठे गेला? तो कोठेच गेला नाही. माणसांकडचे येणे त्यांनी सोडले होते, देवाकडचे सोडले नव्हते. लेकराने शेजाऱ्यापुढे हात पसरू नये, आईपुढे हट्ट जरूर करावा. आमचे काय होते, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांपुढे, मुलासुनांपुढे, पुढाऱ्यांपुढे हट्ट, आणि देवापुढे मात्र भिडस्तपणा. दर्शनबारीत दहा तास उभे राहून पायांवर डोके ठेवण्याच्या त्या एका क्षणी आपण काय मागतो ते ज्याचे त्याला माहीत.

आता दुसरी बाजू. ही कथा ऐकून एखादा उतावळा उठेल आणि म्हणेल, सोडून देतो सगळे. त्याने कान्होबांना विसरू नये. तुकोबांनी भावाचा वाटा बुडविला नाही. आपले वैराग्य त्यांनी दुसऱ्याच्या ताटावर चालविले नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. घाटावरचे आणि कोकणातले किती तरी माळकरी त्यांत होते. कित्येक गिरण्या पुढे कायमच्या थंडावल्या. लालबाग-परळचे बिऱ्हाड मोडून पुष्कळ जण उपनगरांत आले, काही गावी गेले. त्यांचे जे न्यायाचे येणे होते, देणी, भरपाई, घर, ते त्यांनी मागितले आणि त्यांच्या मुलांनी अजून मागावे. तो कान्होबांचा वाटा आहे. त्यावर बायकोचा हक्क आहे, नातवंडांचा आहे. तो उदारपणाने पाण्यात टाकणारा साधू नव्हे, बेजबाबदार आहे असे मी म्हणेन. अर्ज करावा, कचेरीत खेटे घालावेत, कोर्टाची पायरी चढावी. पण संध्याकाळी पायरी उतरल्यावर तो कागद कपाटात ठेवावा, काळजात ठेवू नये. निकाल लागेपर्यंत जगणे तहकूब ठेवणारी माणसे मी पाहिली आहेत. खटला वीस वर्षे चालतो, आणि माणसाची वीस वर्षे त्याच्या आधीच निकालात निघतात.

कोणता कागद आपला आणि कोणता कान्होबांचा, हे ज्याचे त्याने पाहावे. मुलुंडच्या मावशीने नणंदेकडे जे उपकाराचे येणे मांडले आहे त्यात कोणाचा वाटा नाही. ते तिचे एकटीचे आहे, तिने ते आज संध्याकाळी बुडविले तर कोणी उपाशी राहणार नाही. पण सोडायला धैर्य लागते, कारण ते येणे हाच तिच्या मनाचा आधार होऊन बसला आहे. "मी केले आणि तिने केले नाही" या एका वाक्यावर किती माणसे जन्म काढतात!

नाथमहाराजांनी एकादश स्कंधावर टीका लिहिली, तिच्यात अवधूताचे चोवीस गुरू आहेत. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, समुद्र, अजगर, मधमाशी, कोळी, असे सगळे रान तेथे शिकवायला बसले आहे. त्यांत एक पक्षी आहे, कुरर. चोचीत मांसाचा तुकडा घेऊन तो उडाला, तर दांडगे पक्षी चोची मारीत त्याच्या मागे लागले. त्याने तुकडा टाकला मात्र, सगळे त्या तुकड्यामागे गेले आणि हा फांदीवर सुखाने बसला. आणि दुसरी एक गुरू आहे, ती रानातली नव्हे, शहरातली. विदेहनगरीची पिंगला नावाची वेश्या. धनिक गिऱ्हाइकाच्या आशेने ती दारात उभी राही, आत जाई, पुन्हा बाहेर येई. मध्यरात्र झाली. कोणी आले नाही. तेव्हा तिच्या मनात एकदम उजेड पडला की ज्याची वाट पाहावी तो आत असता मी रस्त्यावर कोणाची वाट पाहते? तिने आशा सोडली, दार लावले, आणि त्याच घरात, त्याच बाजेवर गाढ झोपली. ती हिमालयात गेली नाही. ज्यांना वाटते उपनगरात शांती नाही, त्यांनी पिंगलेचा तो उंबरठा आठवावा. नाथांनी तिला गुरूंच्या पंक्तीत बसविताना कोणाची भीड धरली नाही, हेही जाता जाता पाहण्यासारखे आहे.

रान शिकविते असे म्हटले की आम्हांला फुले, पाखरे, गार वारा एवढेच दिसते. रानात राहणाऱ्याला विचारा. आरेच्या आणि राष्ट्रीय उद्यानाच्या पाड्यांत वारली मंडळी पिढ्यान्‌पिढ्या राहतात. या रानात आणि त्याच्या कडेने बिबटे आहेत, अलीकडच्या गणनांत चाळीसाहून अधिक मोजले गेले. वारली लोक वाघोबाला देव मानतात, पाड्यांजवळ त्याची ठाणी आहेत. त्याला ते नवस करतात आणि त्याला भितातही. अंधारात बाहेर जायचे तर हाती उजेड असतो, सोबत असते, मोठ्याने बोलत जातात, पोरांना एकटे सोडीत नाहीत. भीती नाही असे त्यांच्यातला कोणी म्हणत नाही. पण भीतीपायी त्यांनी रान सोडले नाही आणि वाघोबाचा द्वेषही केला नाही. अभय म्हणतात ते हे. उगाच छाती काढून अंधारात शिरणे याला धैर्य म्हणत नाहीत, आणि घराच्या बाहेर न पडणे याला शहाणपण म्हणत नाहीत.

निसर्गाचा हात कधी जडही पडतो. जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या आझादनगरात दरड कोसळून कित्येक माणसे गाडली गेली. डोंगरउतारावर घर बांधणारा गरीब तेथे हौसेने गेलेला नसतो, त्याला सपाटीवर जागा परवडत नाही. त्याला कोणी डोंगराच्या शांतीचे प्रवचन देऊ नये. त्याच्यासाठी संरक्षक भिंत मागावी, हाही कान्होबांचाच वाटा. आणि २६ जुलै २००५ चा पाऊस तर आपल्यापैकी बहुतेकांनी अंगावर घेतला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला. गाड्या बंद, फोन बंद, मिठी नदी रस्त्यावर आलेली. माणसे गुडघाभर, छातीभर पाण्यातून रुळांच्या कडेकडेने चालत अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड गाठीत होती. त्या रात्री वस्तीतल्या लोकांनी अनोळखी माणसांना चहा दिला, पाव दिला, कोरडे कपडे दिले, झोपायला फरशी दिली. कोणी कोणाचे काही लागत नव्हते. देणाऱ्याने ते कोठे लिहून ठेवले नाही, घेणाऱ्याला ते नाव विचारायचेही सुचले नाही. गाड्या सुरू झाल्या आणि वह्याही पुन्हा निघाल्या, ही गोष्ट निराळी. पण एक रात्र ही नगरी वह्यांवाचून राहिली होती, आणि त्या रात्री पाण्यातून चाललेला माणूस विचारा, तो म्हणेल, भीती होती, पण मन कसे शांत होते.

भामचंद्राच्या डोंगरालाही पुढे माणसाची गरज पडली. २००८ साली त्याच्या परिसरात एका परदेशी रसायन कंपनीचे संशोधन केंद्र होऊ घातले, तेव्हा वारकरी मंडळी टाळ-मृदंगानिशी विरोधाला उभी राहिली आणि ते केंद्र अखेर तेथे झाले नाही. ज्या डोंगराने तुकोबांना धैर्य दिले त्याच्यासाठी थोडे धैर्य आपण दाखविले तर काही बिघडत नाही. बोरिवलीच्या रानात रविवारी जाणाऱ्या मंडळींनी खाण्याचे कागद, बाटल्या तेथेच टाकून येऊ नयेत, एवढे तरी व्हावे. कचऱ्यापाठी कुत्रे येते आणि कुत्र्यापाठी बिबट्या.

एक गोष्ट राहून जाते, ती आमच्या मायबहिणींची. तुकोबाराय भंडाऱ्यावर नामस्मरणात बसत, तेव्हा जिजाबाई भाकरी घेऊन डोंगर चढून जात. त्यांच्या पायात काटा रुतला आणि देवाने तो काढला, अशी कथा आपण कौतुकाने सांगतो. कीर्तनकार तिला कजाग म्हणून हशा मिळवितात, मला ते आवडत नाही. मुले घरात उपाशी, नवरा डोंगरावर, आणि तरी ती आधी त्याची भाकरी घेऊन चढते. आणि काटा काढायला देव तिच्यासाठी आला, हे आपण विसरतो. एकांतात बसणाऱ्या प्रत्येकाने पाहावे की आपली भाकरी कोण चढवीत आहे. भजनाला गेलेल्या नवऱ्याचे ताट झाकून जागणारी बाई शांतीच्या बाहेर राहिली तर त्या भजनात काही तरी उणे आहे. ताट वाढून घेणे, आपले धोतर आपण पिळणे, आपला तांब्या आपण भरून ठेवणे, हे स्वावलंबनाचे पहिले धडे आहेत, आणि त्यांना वयाची अट नाही.

मग करावे काय? फार काही नाही. उपनगरात राहणाऱ्याने आठवड्यातून एकदा तरी पायी एखाद्या डोंगराशी जावे. कण्हेरी जमत नसेल तर अंधेरीला गिल्बर्ट टेकडी आहे. सुमारे साठ मीटर उंच, काळ्या बसाल्टचे उभे खांब, सहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे, आणि माथ्यावर देवीचे देऊळ. चहूबाजूंनी इमारतींनी गर्दी केली आहे, तरी तो काळा दगड आपला उभा आहे. त्याच्या पायथ्याशी उभे राहिले की मला विटेवरच्या काळ्या मूर्तीची आठवण होते. जाताना एकट्याने जावे. अवधूताच्या गुरूंत एक कुमारी आहे, कांडताना तिच्या हातातली कांकणे वाजू लागली म्हणून तिने एकेक काढून शेवटी एकच ठेवले, तेव्हा आवाज थांबला. चार जण मिळून गेलात तर वह्या निघतील. फोन खिशात मिटून ठेवावा, आणि चालता चालता हरिपाठ म्हणावा.

रोजचा एकांत मात्र गाडीतच शोधावा लागेल, हे मान्य. आपल्या लोकलगाड्यांत भजनी मंडळ्या वर्षानुवर्षे आहेत. सकाळची ठरलेली गाडी, ठरलेला डबा, एक ढोलकी, दोन टाळ. माणसाच्या अंगाला माणूस चिकटलेले, आणि त्यात अभंग चाललेला. ते त्यांचे टाके आहे, गर्दीच्या खडकात खोदलेले. दुसऱ्याची जागा अडवू नये आणि ज्याला नको त्याच्या कानाशी टाळ आपटू नये, एवढे पथ्य पाळले म्हणजे झाले.

आणि वहीचे? एक दिवस ठरवावा. घरातल्या दारामागे बसून कागदाचा तुकडा घ्यावा, माझे कोणाकोणाकडे काय येणे आहे ते खरे खरे लिहावे. लिहिताना लाज वाटेल, वाटू द्यावी. मग दोन वाटे करावेत. ज्यात बायकोमुलांचा, भावाबहिणीचा, शेजाऱ्याचा हक्क आहे तो वाटा कपाटात ठेवावा आणि त्यासाठी काय खटपट करायची ती करावी. दुसऱ्या वाट्याचा कागद फाडून टाकावा. नदीत टाकू नये, आपल्या नद्यांना आधीच पुष्कळ भार झाला आहे.

तुकोबारायांनी खतपत्रे बुडविली, आणि मग काय केले? परंपरा सांगते की वडिलोपार्जित विठ्ठलाचे देऊळ मोडकळीस आले होते, ते त्यांनी दुरुस्त करायला घेतले. माती कालविली, भिंती उभारल्या. हात मोकळे झाले होते.

येत्या चातुर्मासात ज्यांना जमेल त्यांनी नाथभागवताचा सातवा, आठवा आणि नववा हे तीन अध्याय सावकाश वाचावेत, रोज थोड्या ओव्या. पिंगलेची कथा आठव्यात आहे, कुरराची आणि कुमारीच्या कांकणांची नवव्यात. घरी पोथी नसेल तर मंडळात एकाने वाचावी आणि बाकीच्यांनी ऐकावी.

रामकृष्णहरि.